दोन ते चार शांतता

मंगळवारी दुपारी दोन वाजता इंद्रायणी लिफ्टमध्ये उभ्याउभ्या झोपली. दुसऱ्या मजल्यावर तिच्या घरासमोर दार उघडलं, वाट पाहून बंद झालं, आणि खालून कुणीतरी बटण दाबल्यावर लिफ्ट तिला घेऊन परत तळमजल्यावर आली. बटण दाबणारे सोसायटीचे सेक्रेटरी मुकुंदराव होते. त्यांच्या हातात दुधाची पिशवी होती.

इंद्रायणी एका रुग्णालयात रात्रपाळीची नर्स. त्या दिवशी सकाळच्या पाळीची मुलगी आली नाही, म्हणून तिनं तीही पाळी ओढली होती. हे तिनं सांगितलं असतं, पण मुकुंदरावांनी विचारलं नाही. तिचे लाल डोळे पाहून ते घरी गेले आणि बायकोला म्हणाले, "पद्मजा, त्या पोरीला दिवसा झोप मिळत नाही बघ. बिल्डिंगमध्ये गोंगाट किती असतो."

"तुम्ही झोपताय की रोज."

"माझं सोड."

रविवारी सभेत ठराव आला. दुपारी दोन ते चार, पूर्ण शांतता. मुकुंदराव बरीच वर्षं सेक्रेटरी होते. पाण्याच्या टाकीपासून पार्किंगच्या पट्ट्यांपर्यंत त्यांचा एकही ठराव भांडणाशिवाय गेला नव्हता. हा एकमतानं गेला. इंद्रायणी सभेला नव्हती. ती झोपली होती, आणि तिला उठवायचं नाही यावरही सगळ्यांचं एकमत होतं.

सोमवारपासून विजापूर रोडवरच्या त्या इमारतीत दोनच्या ठोक्याला मिक्सर थांबले. मुलं घरात गेली. वॉचमन मल्लेशनं भंगारवाल्याला हातवारे करूनच परत पाठवलं. इंद्रायणीच्या बरोबर डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या शिवबाईंनी आपली भाकरी थापायची लाकडी काटवट भिंतीला टेकवून ठेवली. मूळच्या वैरागच्या शिवबाई मागच्या खोलीत ज्वारीच्या कडक भाकरी करायच्या. दुपारी थापायच्या, भाजून कडक करायच्या आणि संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला पाठवायच्या.

"सकाळी करा की," मुकुंदरावांनी सुचवलं होतं.

"सकाळी दोन घरचा सैपाक असतोय मला. पर असू दे. पोरीसाठी म्हणताय तर ऱ्हाऊ दे."

पहिल्याच दुपारी सगळी बिल्डिंग गाढ झोपली. ज्यांना दुपारी झोपायची सवय नव्हती तेही घोरले. जागी होती ती इंद्रायणी. तिला घड्याळाचा काटा ऐकू येत होता, फ्रीज ऐकू येत होता, आणि फ्रीज थांबला की तो थांबल्याचंही ऐकू येत होतं. असं तीन दिवस गेल्यावर एका रात्री रुग्णाचा ताप बघता बघता तिची मान खाली गेली. वॉर्डच्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "पुन्हा डुलकी घेताना दिसलीस तर नोकरी राहायची नाही. मग माझ्याकडं येऊ नको."

मुकुंदरावांना तिचे डोळे आणखी लाल दिसले. म्हणजे शांतता कमी पडत होती. त्यांनी दारांच्या बेल बंद करायला लावल्या, जिन्यात चपला हातात घ्यायला लावल्या आणि कुकरच्या शिट्टीवर बंदी आणली. ज्यांचा भात दोनच्या आत झाला नाही त्यांनी चिवड्यावर भागवलं.

शेवटी पुढच्या आठवड्यात, बुधवारी, इंद्रायणीच त्यांच्या दारात आली. बेल वाजत नव्हती, म्हणून ती बराच वेळ नुसती उभी राहिली.

"काका, मला आवाजाचा त्रास होत नाही. मी कुर्डुवाडीची. रेल्वे क्वार्टरमध्ये वाढले. खिडकीखाली रात्रभर डब्यांचं शंटिंग चालायचं, आणि ते थांबलं की आम्हाला जाग यायची. इथं वरच्या आज्जी भाकरी थापायच्या, त्यावर झोपायचे मी."

"संकोच करू नकोस बाळ. तुझ्यासाठीच केलंय सगळ्यांनी."

"संकोच नाही हो काका. मला झोप पाहिजे."

"पण ठराव एकमतानं झालाय," मुकुंदराव हळू आवाजात म्हणाले. "फिरवायचा तर परत सभा घ्यावी लागेल."

"आणि परत एकमत व्हायचं नाही," आतून पद्मजाताई म्हणाल्या. "दुखणं तिथं आहे."

गुरुवारी दोन वाजून दहा मिनिटांनी वरून आवाज आला. थप, थप, थप.

मुकुंदराव चपला हातात घेऊन तिसऱ्या मजल्यावर पोहोचले. दार नुसतं लोटलेलं होतं. मागच्या खोलीत शिवबाई काटवटीपुढं बसल्या होत्या आणि त्यांच्या पाठीशी, सतरंजीवर, इंद्रायणी तोंड उघडं टाकून झोपली होती.

"शिवबाई, नियम..."

"हळू बोला. आत्ता डोळा लागलाय तिचा."

"मग हे थांबवा की."

"थांबवलं की उठतीया. बघा."

शिवबाईंनी हात उचलला. इंद्रायणीच्या पापण्या हलल्या, पाय सरकला. हात पुन्हा पिठावर पडला तशी ती भिंतीकडं वळून शांत झाली. मुकुंदराव तिच्याकडं बघत उभे राहिले. त्यांच्या खिशात फोन थरथरत होता. सोसायटीच्या ग्रुपवर लोक जागे झाले होते आणि सेक्रेटरी कुठं आहेत असं विचारत होते.

तेवढ्यात तव्यावर करपल्याचा वास आला.

"बसा हितं," शिवबाई उठत म्हणाल्या. "मी भाकरी उलटते. तंवर तुमी थापा."

"मला येत नाही."

"गोल न्हाय झाली तरी चालंल. आवाज आला म्हंजे झालं."

शेवटचं वृत्त हाती आलं तेव्हा चार वाजायला बराच अवकाश होता. इंद्रायणी झोपलेली होती. थापणाऱ्याला जागेवर पकडायला सोसायटीनं पाठवलेला मल्लेश, चपला हातात घेऊन, जिना चढत होता. वरून थापा येत होत्या. त्यांना अजून लय सापडलेली नव्हती.