चालून दाखव, मंग ने

लतीफचाचांच्या दुकानात 'चालते' हा शब्द बोलायला बंदी आहे. तशी पाटी कुठे लावलेली नाही, पण जठारपेठेतल्या बायकांना ती न लावताही वाचता येते. मी तेल्हाऱ्याकडच्या खेड्यातून कॉलेजसाठी अकोल्याला नवीनच आले होते. मला माहीत नव्हतं.

आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. म्हणून आईनं एक हिरवं कापड घेऊन दिलं होतं, आणि मी ते खोलीजवळच्या 'मेहताब लेडीज टेलर'मध्ये शिवायला टाकलं. ठरल्या दिवशी गेले, पडद्याआड कुर्ता घालून बाहेर आले. चाचांनी विचारलं, "कसा झाला?" आता आमच्याकडे एखादी गोष्ट चांगली झाली तरी 'चालते' म्हणतात आणि बिघडली तरी 'चालते'च म्हणतात. मी म्हणाले, "चालते."

चाचांनी कात्री खाली ठेवली.

"कुठं चालते? तू तर उभी हायेस. उभ्या माणसाले काय समजते कपडा कसा झाला ते? चालून दाखव, मंग ने."

मला वाटलं दुकानातल्या दुकानात चालायचं असेल. पण त्यांनी बाहेर बोट दाखवलं. दुकानापासून समोरच्या रांगेत थोडं पुढे असलेल्या पिठाच्या गिरणीपर्यंत जायचं, परत फिरायचं, दुकानाजवळच्या विजेच्या खांबापाशी थांबायचं, मान वर करून पाहायचं, गिरकी घ्यायची आणि दुकानात शिरायचं. हा त्यांचा नेम. आलेल्या प्रत्येक बाईला तो पाळावा लागतो, मग ती नवरी असो की नवरीची आजी. मी भिंतीला घासत, मान खाली घालून गेले. गिरणीवाले काका पिठानं पांढरे झालेले दारातच उभे होते. त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि तिकडूनच ओरडून सांगितलं की डावी बाही उचलून राहिली. चाचांनी ती उसवून पुन्हा लावली. गिरणीवाल्या काकांचं मत ते फार मानतात. गिरणी चालू असताना मात्र मानत नाहीत, कारण तेव्हा पिठात काकांना काही दिसत नाही.

चाचा स्वतःला टेलर म्हणवून घेत नाहीत. "टेलर माप घेते. मी चाल घेतो," असं ते सांगतात, आणि हे सांगताना गळ्यातली टेप हार घातल्यासारखी सारखी करतात. माझी चाल त्यांनी पहिल्याच दिवशी घेतली होती. म्हणाले, "तुले धुऱ्यावरून चालायची सवय हाय. टांग लांब टाकतेस. तुया कुर्त्याले बाजूचा कट मोठा लागते." धुरा म्हणजे शेताचा बांध. मी शहरात आल्यापासून ती सवय लपवायचा प्रयत्न करत होते, आणि यांनी ती कुर्त्यात शिवून टाकली.

मी फॅशन डिझायनिंगच्या वर्गात आहे. वर्गात आम्हाला शिकवतात की कपडे बनवणं हे अर्धं काम, ते लोकांसमोर मांडणं हे उरलेलं अर्धं. मोठ्या शहरांतले डिझायनर आपले कपडे जुन्या किल्ल्यात मांडतात, रेल्वेच्या फलाटावर मांडतात, पाण्यावर फळ्या टाकून मांडतात, असं मॅडम पडद्यावर दाखवतात. ते पाहताना मला दर वेळी लतीफचाचा आठवतात, आणि मी वहीत तोंड खुपसून हसते.

कारण चाचांचा शो दर सीझनला असतो. एका उन्हाळ्यात त्यांनी 'हवेशीर कलेक्शन' काढलं. अकोल्याचा उन्हाळा काय असतो ते मी सांगायला नको. चाचांनी गल्लीतले झाडून सगळे कुलर मागून आणले, रस्त्याच्या कडेला ओळीनं लावले आणि प्रत्येकापुढे दोरीला एक एक सुती ड्रेस टांगला. हवेनं ते ड्रेस असे फुगले की आत बाई आहे असंच वाटावं. गर्दी तर इतकी झाली की विचारू नका. लोक घरून खाटा घेऊन आले. मात्र ड्रेसकडे कोणी पाहत नव्हतं, सगळे डोळे मिटून पडले होते. त्यात एका कुलरनं पाणी उडवलं आणि लाल ओढणीचा रंग शेजारच्या पांढऱ्या कुर्त्यावर उतरला. चाचांनी क्षणभरही न थांबता जाहीर केलं की ही नवी डिझाइन हाय. रामदासपेठेतल्या एका बाईंनी तिथल्या तिथे तसलाच कुर्ता सांगितला. चाचा पुढचे दोन आठवडे तसा डाग पाडायचा प्रयत्न करत होते. पडला नाही.

त्याच्या आदल्या वर्षी, मी यायच्या आधी, त्यांनी दुकानाच्या गच्चीपासून गिरणीच्या गच्चीपर्यंत कप्पीवर दोर बांधून कपडे हवेतून चालवले होते. हे मला गिरणीवाल्या काकांनी सांगितलं, त्यामुळे थोडं पीठ लागलेलं असेल. लग्नाचा लहेंगा गल्लीच्या मधोमध अडकला, आणि नेमकी तेव्हाच घोड्यावरची वरात आली. नवरदेवाच्या फेट्याचा तुरा लहेंग्याच्या लेसमध्ये गुंतला. ना घोडा पुढे जाईना, ना लहेंगा. नवरदेवाच्या वडिलांनी खालून शांतपणे विचारलं म्हणे, "आमच्या पोराले लहेंगा कावून घालून राहिले, भाऊ?" पण वऱ्हाडातल्या बायका तोवर माना वर करून लेस पाहत होत्या, आणि त्यातल्या चौघी दुसऱ्या दिवशी माप द्यायला आल्या. माप म्हणजे अर्थात चाल.

एकदा आमच्या मॅडमही या दुकानात आल्या. मॅडम पुण्याच्या. मीच त्यांना पत्ता सांगितला होता. त्या ठरल्याप्रमाणे गिरणीपर्यंत जाऊन आल्या, खांबापाशी थांबल्या. चाचा दुकानातून म्हणाले, "आता वर पाय."

मॅडमनी खाली पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग खांबाला एक हात धरून हळूच उजवा पाय वर उचलला.

आमच्या बोलीत 'पाय' म्हणजे 'पाहा' हे त्यांना सांगेपर्यंत गिरणी बंद पडली होती. काकांनीच पट्टा थांबवला असावा. वरच्या मजल्यावरूनही हसण्याचा आवाज आला.

वरच्या मजल्यावर चाची असतात. तेव्हा मला चाची म्हणजे एक टोपली एवढंच माहीत होतं. दुकानावरच्या खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली खाली येते, चाचा तीत तुरपाईचे कपडे ठेवतात, ती वर जाते. काही वेळानं कपडे खाली येतात, आणि त्यांच्यासोबत चाचींचा शेरा. "ये गला किसके वास्ते काटा? भैंस के?" असा एकदा आला होता. चाचा मुकाट्यानं गळा लहान करायला घेतात. साऱ्या गल्लीत तेवढ्याच आवाजाला ते उलट बोलत नाहीत.

तर या वर्षी मॅडमनी वर्गात सांगितलं की अमरावतीच्या मोठ्या हॉलमध्ये आमचं सादरीकरण होणार आहे. प्रत्येकीनं आपल्या भागातल्या एका शिवणाऱ्याला सोबत घ्यायचं आणि दोघांनी मिळून कपडे मांडायचे. मार्क त्यावरच. "कोणाच्या मनात कोणी आहे का?" असं त्यांनी विचारलं, आणि माझा हात वर गेला. मी वर्गात कधीच हात वर करत नाही. उत्तर येत असलं तरी करत नाही. त्यामुळे सगळ्या मागे वळून पाहायला लागल्या. मी चाचांचं नाव सांगितलं. मॅडम हसल्या, आणि वहीत लिहून घेतलं.

चाचांना सांगितलं तर ते इतके खूश झाले की त्यांनी खारी आणवली. रॅम्प किती लांब, उजेड कुठून, खुर्च्या कोणत्या बाजूला, सगळं विचारलं. स्वतः कोणतं जाकीट घालायचं तेही ठरलं. मग चहा पिता पिता म्हणाले, "अन वर काय हाय?"

"वर? पंखे असतील, चाचा. एसी असेल."

"खिडकी?"

"बंद हॉल आहे. खिडकी कशाला लागते?"

चाचांनी कप ठेवला आणि मशीनवर बसले. "मंग नाही जमत, पोरी."

मला वाटलं थट्टा करतात. पण दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले की बसमध्ये त्यांना मळमळते. मग म्हणाले की अमरावतीचं पाणी मानवत नाही. शेवटी म्हणाले की अमरावतीचे लोक अकोल्याच्या कपड्याले हासतात. यातलं शेवटचं खरं असेलही, पण माणूस नाही म्हणायचं ठरवून बसला आहे एवढं मला कळलं. इकडे मॅडम रोज विचारत होत्या. उशिरा नाव बदललं असतं तरी चाललं असतं, पण आयुष्यात पहिल्यांदा वर केलेला हात असा खाली घ्यायचा, हे मला फार लागत होतं.

तेव्हा मी ठरवलं की ज्यांच्यापुढे चाचा बोलत नाहीत त्यांनाच जाऊन सांगावं. चाचा बाजारात अस्तर आणायला गेले होते. मागचा लोखंडी जिना शिडीसारखा उभा आहे. धरून धरून चढले.

चाची खिडकीला लागून असलेल्या पलंगावर बसल्या होत्या. एक पाय लांब केलेला, मांडीवर कोणाचा तरी सूट. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "हिरव्या कुर्त्याची पोरगी ना तू? पयल्या दिवशी भिंतीले घासून चालत होती. आता बरी चालतेस."

मी आल्याचं कारण सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. सुई थांबली नाही.

त्याच जिन्यावरून चाची पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण पाय काही धड झाला नाही. त्याला बरीच वर्षं झाली. त्याआधी, त्यांनी सांगितलं, गिऱ्हाइकाच्या घरी लग्न असलं की त्या हटकून जायच्या. जेवायला नाही. आपण तुरपाई केलेला घेर चालताना कसा पडतो ते पाहायला. चाचा बाहेर स्कूटरवर बसून चिडायचे.

"मंग मी इथं बसली. एक दिवस त्याईले म्हटलं, मले दिवसभर नुसती किनारच दिसते. अख्खा सूट कसा झाला, तो चालते कसा, हे काही दिसत नाही. दुसऱ्या दिवशी पायते तर एका बाईले रस्त्यानं चालवून राहिले. ती बिचारी घाबरलेली."

मी खिडकीतून पाहिलं. दुकानाची पायरी, खांब, गिरणी. तेवढाच रस्ता दिसतो, त्यापुढे घरं आड येतात. कप्पीचा दोर बरोबर याच खिडकीसमोरून गेला असणार. कुलरही याच बाजूला लावले होते.

"अन वर पाहायला का लावतात?" मी विचारलं. खांबापाशी मान वर करणं ही चालण्याची काही खास ढब असते, असं मी एकदा गृहपाठात लिहिलंसुद्धा होतं.

चाचींनी धागा दातानं तोडला.

"खिडकीतून लोकायचे डोक्शेच दिसतात, पोरी. तोंड दिसत नाही. तेवढं एकदा बोललो होतो मी."

हे 'बोललो' त्या असंच म्हणाल्या. आमच्याकडे बायकाही कधी कधी असं बोलतात. मी चाचांना समजावून सांगा असं म्हणायला गेले होते. ते न म्हणता खाली उतरले.

मॅडमना मी सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणाले की त्या हॉलला खिडकी नाही, आणि हा शो खिडकीशिवाय होत नाही. मॅडमनी वहीत माझ्या नावापुढचं 'अमरावती' खोडून 'जठारपेठ' लिहिलं. कदाचित त्यांना तो खांब आठवला असेल, आणि वरून आलेलं हसणंही. अमरावतीचे परीक्षक गल्लीत येऊन पाहायला फोनवर आधी तयार नव्हते, पण सुदैवानं त्यांची सासुरवाडी अकोल्याची निघाली. येता येता पाहून जाईन, म्हणाले.

त्या दुपारी गिरणीवाल्या काकांनी गिरणी बंद ठेवली आणि धुतलेला शर्ट घातला. त्यामुळे त्यांना कोणी ओळखेना. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. गल्लीतल्या बायका एकेक करून चालल्या, शेवटी मी. माझ्या अंगावरचा ड्रेस मीच बेतला होता, शिवताना चाचांनी तीनदा उसवायला लावला होता, आणि घेराची तुरपाई चाचींची होती. मी रस्त्याच्या मधून चालले, धुऱ्यावर चालतात तशी लांब टांग टाकून. गिरणीपासून फिरले, खांबापाशी आले.

"वर पाय, पोरी," चाचा म्हणाले.

मी वर पाहिलं. मी पाहिलं म्हणून परीक्षकांनी पाहिलं, मॅडमनी पाहिलं, सगळ्या खुर्च्यांनी पाहिलं. चाचींनी पदर डोक्यावर सारखा केला, पण त्या मागे सरल्या नाहीत.

मी गिरकी घेतली. परीक्षक म्हणाले, "छान. चालेल." मला वाटलं, आता चाचा यांनाही गिरणीपर्यंत पाठवणार. पण चाचांनी ते ऐकलंच नव्हतं. ते जाकिटाचं बटण धरून वर पाहत उभे होते.

"काय?" त्यांनी विचारलं.

चाची घेराकडे पाहत होत्या. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग खाली, चाचांकडे.

"चालते," त्या म्हणाल्या.

चाचांनी मान डोलावली. गळ्यातली टेप काढून खुंटीला अडकवली आणि माझ्याकडे वळले.

"झालं," म्हणाले. "आता ने."