नथ्थूजींची काळी डुकरं

नथ्थूजी माळ्यांना स्वतःच्या पणजोबांचं नाव सांगता येत नसे. पण आपल्या डुकरिणीच्या सात पिढ्या ते बसल्या जागी म्हणून दाखवत. काजळी, तिची माय बुगडी, बुगडीची माय घुमरी... एखादं नाव आपण चुकलो की भडकत. "काहून बे, तुया आजीचं नाव इसरला तं चालते का तुले?"

मी कोकणातला. चौथीत शाळा सुटली आणि पोटामागे वऱ्हाडात आलो. इंग्रजांचा अंमल होता. वाशीमजवळच्या मालेगावच्या सरकारी रस्त्यावर मी खडी मोजत असे. किन्हीराजा गावात तापानं पडलो, तेव्हा मुकादम मला झाडाखाली ठेवून पुढे निघून गेला. नथ्थूजींनी उचलून मळ्यात आणलं. बरा झाल्यावर रस्त्याचं काम पुन्हा धरलं, पण पुढची तीन वर्षं राहिलो तिथंच. तेव्हा या माणसाबद्दल मी तटस्थपणे लिहीन, अशी आशा कुणी धरू नये.

त्यांची डुकरं बुटकी, काळीभोर, कण्यावर राठ केसांची ताठ रांग. तसली जात आता दुसऱ्या कुणाकडे उरली नव्हती. मळ्यातला लव्हाळा माणसांनी कितीही खुरपला, तरी जमिनीतल्या गाठी राहतातच. कांदे लावण्याआधी नथ्थूजी डुकरं सोडत. आठ दिवसांत ती नाकानं जमीन उलथून एकूण एक गाठ खाऊन टाकत. तसा कांदा आसपास कुठं पिकत नसे. आणि गाव? गाव तो कांदा मिटक्या मारत खाई, पण डुकरांमुळे नथ्थूजींच्या विहिरीचं पाणी पीत नसे. मला आजही याचा संताप येतो. कांदा काय गंगेच्या पाण्यावर पोसला होता? हे विचारायची माझी छाती नव्हती. नथ्थूजी रोज विचारत. पण ऐकायला मळ्यात कुणी येतच नसे.

एकदा थंडी सरताना सरकारी शेतीचे साहेब बैलगाडीतून विलायती पांढरा डुक्कर घेऊन आले. देशी जात सुधारायची होती. दोन महिन्यांत पांढरा रुळला, की साहेब परत येऊन काळ्या नराला खच्ची करणार होते. काळा नर एकच होता. म्हणजे सात पिढ्यांची जात तिथंच संपली. गावच्या पाटलांनी नथ्थूजींना न विचारता परस्पर होकार दिला, कारण त्यांना साहेब खूश हवे होते.

"याले लव्हाळा वयखता येते का?" नथ्थूजींनी साहेबांच्या तोंडावर विचारलं. साहेब म्हणाले, वजन दुप्पट भरतं.

"वजनाचं काय करू? मले का त्याच्यासंग कुस्ती खेळाची हाय?"

मी हळूच कुडामागे सरकलो. माझी भाकरी सरकारी रस्त्यावर होती.

पांढरा दिसला की नथ्थूजींच्या तोंडाचा पट्टा सुटे. कणकेचा गोळा मेला, लव्हाळ्याला नाक लावत नाही, भिजवलेली पेंड मागतो. मग ऊन तापलं आणि पांढऱ्याची कातडी भाजली. कान तडकले, पाठीवर फोड आले. साहेबांच्या कागदांत सगळं होतं, वाशीमचं ऊन तेवढं नव्हतं.

नथ्थूजी खूश होतील असं मला वाटलं. त्यांनी शिव्या दुप्पट केल्या, पण आता साहेबांना. "कातडी पाहून तरी धाडाचं होतं बाप्पा याले." शिव्या देतादेताच त्यांनी कुडाच्या सावलीला चर खणला, पाणी सोडलं, कानांना करंजीचं तेल लावलं. रोज दुपारी त्याच्याजवळ बसून त्यांनी पाटलांची सगळी कुळकथा त्याला ऐकवली. तो मधेच उठून गेला नाही.

ठरल्याप्रमाणे साहेब आले. फोड पाहून वरमले आणि हे काम इथं जमायचं नाही म्हणत पांढऱ्याला गाडीत चढवलं. काळा नर वाचला. मी हरखून वळलो, तर नथ्थूजी जागेवर नव्हते. ओलं पोतं घेऊन ते गाडीमागे धावत होते. पोतं त्यांनी पांढऱ्याच्या पाठीवर पसरलं.

"यावर पानी मारत जाय," ते गाडीवानाला म्हणाले. "अन् गुमसुम नोको नेऊ त्याले. बोलत जाय काहीबाही. सवय लागली त्याले."

गाडीवान हसला. नथ्थूजींना त्याचा काही भरवसा वाटला नसावा. ते मालेगावपर्यंत गाडीमागून पांढऱ्याशी बोलतच गेले.