एकेचाळीस चुली

आम्ही करंजाड्याला राहायला आलो त्या दिवशी सामान अजून जिन्यातच होतं. शेजारच्या दारातून एक उंच, वाळका म्हातारा बाहेर आला आणि माझ्या बायकोला म्हणाला, "चुली किती?"

ती बावचळून म्हणाली, "गॅस आहे. एकच."

"म्हणजे कुटुंब एक. सासू-सुनेचं जमतंय म्हणायचं!" असं म्हणून तो आत निघून गेला. माझी आई पुढे आठवडाभर त्याचं कौतुक करत होती.

हे टिपणीसकाका. उभी हयात सरकारी पाहणी खात्यात गेली. खेड्यापाड्यांत हिंडून घराघराचं उत्पन्न लिहून घ्यायचं, हे काम. निवृत्त झाले, पण खोड सुटली नाही. कर्नाळ्याच्या बाजूचं एक गाव त्यांनी नोकरीत असल्यापासून धरून ठेवलं होतं. दरवर्षी भात झोडून झालं की पदरमोड करून तिथे जायचं, प्रत्येक चुलीच्या उत्पन्नाचा अंदाज काढायचा, कमीपासून जास्तीपर्यंत घरं ओळीत लावायची आणि बरोबर मधलं घर शोधायचं. सुरुवातीला तेवीस चुली होत्या. भाऊ वेगळे होत गेले, आता एकेचाळीस आहेत. त्यामुळे एकविसावं घर मधलं.

"सरासरी काढत नाही का?" मी एकदा विचारलं.

"सरासरी लबाड असते हो. एकाने जमीन विकून गाडी घेतली की कागदावर सगळं गाव गाडीत बसतं. मधलं घर मात्र चालतच असतं."

उत्पन्न किती, असं ते कधीच विचारत नसत. सरकारी माणसाला लोक कमी सांगतात आणि सोयरिकीला आलेल्याला जास्त. काका विचारायचे, रविवारी कालवण कशाचं होतं? सुकट की पापलेट? छत्र्या किती, त्यातल्या धड किती? त्यांच्या वह्यांत दर वर्षाच्या मधल्या घराचा आकडा आणि शेजारी त्या घरातली नवी वस्तू लिहिलेली असे. सायकल. पुढे रंगीत टीव्ही. मग मोटारसायकल. एका वर्षी नुसतंच 'काही नाही'. त्या वह्या चाळताना मला माझं लहानपणचं पनवेल आठवायचं.

काकांचे नियम दोन. एक, जो ज्या चुलीवर जेवतो तो त्या घरचा. दोन, मोजणाऱ्याने मोजायच्या घरी जेवू नये. म्हणून ते डबा घेऊन जात. काकू गेल्यापासून त्यांच्या घरात गॅस पेटलाच नव्हता. दोन्ही वेळा एस.टी. स्टँडजवळच्या खानावळीतून डबा यायचा.

यंदा त्यांचा गुडघा धरला होता म्हणून मी सोबत गेलो, आणि डबा रिक्षातच विसरलो. रिक्षा गेली. काकांनी दिवसभर माझ्याकडे बघितलंही नाही.

दुपार टळता टळता मधलं घर निघालं हिराआजीचं. आजी, मुलगा, सून, नात. मुलगा विमानतळावर कामाला. काका पाणी पिऊन उठायला लागले, तर आजीने पाटच मांडला.

"डबा नाय तुमच्यासंगती. बसा जेवाला."

"नियम आहे, आजी."

"नियम उपाशी मानसाला नसतो."

काका बसले. तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण. पहिल्या घासाला थांबले, मग मान खाली घालून तीन भाकऱ्या खाल्ल्या. हात धुऊन वही उघडली तेव्हा आजी म्हणाली, "तीस वर्सं आमाला इचारताव, चुली किती, मानसं किती. तुमच्या घरी चूल किती हाय?"

"होती एक."

"आन आता?"

"आता डबा येतो."

"मंग तुमाला कुठल्या घरात धरायचं?"

"कुठल्याच नाही," काका म्हणाले. हे ते इतक्या सहज म्हणाले की मला तिथे बसवेना.

आजीने वहीवर बोट ठेवलं. "आमच्या चुलीवर जेवलाव ना? तुमचाच कायदा हाय. लिवा, मानसं पाच."

काका गडबडले. "अहो, माझी पेन्शन या घरात धरली तर घर वर सरकेल! मधलं घर बदलेल!"

"सरकू द्या की. आमी काय कायम मधीच बसायचं?"

काकांनी पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. "पण पाहुणा धरत नाहीत, आजी. रोज जेवणारा लागतो."

"रोज कुठलं? आयतवारी येत जा."

वहीत त्यांनी काय लिहिलं ते मी पाहिलं नाही. परतताना एस.टी.त ते खिडकीबाहेर बघत होते.

परवा रविवारी खानावळीचा माणूस जिन्यात भेटला. मी विचारलं, "काकांचा डबा नाही आणला?"

"रविवारचा बंद केलाय त्यांनी," तो म्हणाला. "म्हणाले, रविवारी मी घरी जेवतो."