सारेच म्हणाले नको

धरमपेठेतल्या इंदुताईंच्या फोनवर भर दुपारी ‘नको’ यायला लागले. आधी एक-दोन, मग थवेच्या थवे. पारशिवनीहून नको, उमरेडहून नको, अजून एसटीतच बसलेल्या पाहुण्यांचासुद्धा नको!

उद्या रामाजींच्या नातीचं लग्न, आणि जेवणाची ऑर्डर इंदुताईंची. पाहुण्यांना फोनवर ‘जेवायला येणार ना?’ असं विचारणारं ॲप त्यांची भाची सोनिका हिनं बनवलेलं.

“सोनिके, लग्न मोडलं का काय वं?”

“नाही आत्या. ॲप बिघडलं.”

“मंग सुधर ना! आचारी विचारून राहिला, वांगे किती कापू. उद्या पंगतीत भाजी कमी पडली, तर मले कोण बोलावन पुढच्या लग्नाले?”

सोनिकानं लॅपटॉप जवळ ओढला. काल ॲप धड होतं. सकाळीच तिनं त्यावर आपलं नवं टूल सोडलं होतं, कोडमधला पसारा आपोआप आवरणारं. सकाळपासून उपाशी असलेली ती त्यातली चूक शोधायला बसली. कूलरमधून वाळ्याचा गार वास येत होता. पडद्यावरची अक्षरं मासोळ्यांसारखी पोहायला लागली, आणि तिचा डोळा लागला.

स्वप्नात तिचं टूल पदर खोचून अख्खं नागपूर आवरत होतं. सारखे दिसणारे दोन काका भेटले की एकाला घडी घालून कपाटात ठेवत होतं. सीताबर्डीवर साडीचं एकच दुकान उरलं होतं, आणि त्यात एकच साडी.

ती दचकून उठली. “आत्या, मी ॲपमध्ये तोच प्रश्न तीनदा काहून लिहिला होता?”

“मीच सांगतलं होतं तुले! माणूस पहिल्यांदा नको म्हणते. दुसऱ्यांदा म्हणते, काहाले तरास. तिसऱ्यांदा हात धुऊन पानावर बसते.”

टूलनं तिन्ही प्रश्न सारखेच पाहिले, दोन केर समजून झाडून टाकले. नको म्हटल्यावरही माणूस आतून हलतो, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? सोनिकानं सांगितलं. ‘नको’नंतरचा प्रश्न नवा समजायचा, असा नियम त्यात घातला आणि पुसलेले प्रश्न परत आणले.

दुसऱ्यांदा विचारणं गेलं, तिसऱ्यांदा गेलं, आणि होकारांची झड लागली. ‘येतो’, ‘येतोच’, ‘शेजाऱ्यालेही आणतो’. फोन थरथरत ओट्यावरून चालत थेट परातीत जाऊन पडला.

“काप गा, सारे वांगे काप!” इंदुताई ओरडल्या. मग खुर्चीत टेकून म्हणाल्या, “पण तुह्या टूलचंही बरोबर हाय वं. जिंदगी गेली माही, एकेकाले तीनतीनदा विचारण्यात.”

त्यांनी बेसनाच्या पातोडीच्या रश्श्याचं झाकण उघडलं. लवंगा-खसखशीचा वास खोलीभर तरंगत आला.

“सोनिके, जेवतेस काय?”

“नको आत्या, काहाले…”

“बरं,” म्हणत इंदुताईंनी झाकण लावलं आणि पातेलं उचलून त्या आत निघून गेल्या.