एका कादंबरीचे चार वाटेकरी

निवृत्त शिक्षिका असलेल्या बाईंच्या पुढच्या खोलीत दर रविवारी बाई, टेलरकाका, केमिस्ट आणि वकीलसाहेब अशा चौघांचं वाचनमंडळ भरत असे. यंदा बाईंनी एक जुनी, गाजलेली कादंबरी निवडली होती. सज्जन नायकाला घबाड मिळतं आणि तो पायरीपायरीने बिघडत जातो, अशी तिची गोष्ट. वर्गणी काढूनही प्रत एकच मिळाली. सगळ्यांना एकदम वाचता यावी म्हणून टेलरकाकांनी तिचे टाके उसवून चार भाग केले. आपला भाग संपला की तो पुढच्याला द्यायचा, अडवून ठेवायचा नाही, हा मंडळाचा कडक नियम होता.

केमिस्ट आपला तिसरा भाग दुकानात बसून वाचत होता. खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या एका गृहस्थांनी ती पानं पाहिली आणि ते खोकायचं विसरले. त्यांना जुन्या पुस्तकांचा नाद होता. ही पहिली आवृत्ती दिसते, पूर्ण प्रत असेल तर मागाल ती किंमत देतो, रविवारी बघायला येतो, असं सांगून ते गेले.

त्या संध्याकाळी तिसरा भाग विषारी औषधांच्या कपाटात गेला आणि कुलूप लागलं. गिऱ्हाईकाची बातमी मंडळात पसरायला वेळ लागला नाही. वकीलसाहेबांकडे शेवटचा भाग होता. निकालच नसेल तर खटल्याला अर्थ काय, असं म्हणून त्यांनी निम्मी रक्कम मागितली. मुखपृष्ठ आपल्याकडे आहे, याची आठवण टेलरकाका येताजाता करून देऊ लागले.

बाईंना मनापासून वाईट वाटलं. पंधरा वर्षांची बैठक डोळ्यांदेखत मोडत होती.

"अहो, कादंबरीतला नायक अगदी असाच बिघडतो," त्या कळवळून म्हणाल्या. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "पण मला सांगा, पुस्तक निवडलं कुणी होतं?"

शेवटी सारखे चार वाटे ठरले. आता अडचण एकच होती, पुस्तक उसवलेलं होतं. त्यावरचा उपायही बाईंनीच काढला.

"टेलरकाका, मशीनवर घट्ट शिवून टाका. ही काही फसवणूक नाही. आपण फक्त सांगायचं नाही."

केमिस्टने आपला भाग अगदी शेवटच्या घटकेला सोडला, त्यामुळे तो सगळ्यात मागे शिवला गेला. म्हणजे नायक आधी मेला आणि मग त्याचं थाटात लग्न झालं.

रविवारी गृहस्थांनी पुस्तक उघडलं आणि कपाळाला हात लावला.

"सुटे भाग दिले असते तरी मी आनंदाने घेतले असते. माझा बाइंडर ते नीट बांधतो. पण तुम्ही तर पानापानाला भोकं पाडलीत." ते चहासुद्धा न घेता निघून गेले.

मग केमिस्ट पुटपुटला की, साहित्याची किंमत पैशात करूच नये. सगळ्यांनी जोरजोरात माना हलवल्या. बाईंनी घसा साफ केला आणि ठरलेल्या चर्चेला सुरुवात केली. ती छान रंगली. नायकाला चौघांनीही मनसोक्त शिव्या घातल्या.

समारोप वकीलसाहेबांनी केला.

"भाषा उत्तम आहे. पण लेखकाने अतिशयोक्ती फार केली आहे. पैशासाठी माणसं इतकी बदलतात का कुठे?"

ठराव एकमताने मंजूर झाला.