नानाजींचं निव्वळ वजन

बाभुळगावात कापसाच्या काट्यावर कापूस सोडून स्वतः बसणारा अडत्या मी एकच पाहिला, आमचे शेजारी नानाजी. पारडं दाणकन खाली गेलं, की ते मापाऱ्याला शांतपणे सांगत, "आत्ताच आंघोळ करून आलो. ओलाव्याचं वजन काप." शेतकऱ्याच्या कापसाला लावायचा न्याय ते स्वतःलाही लावत. उन्हाळ्यात घामाचं कापत, पावसाळ्यात दमट हवेचं. उरलं ते निव्वळ वजन, आणि तेही म्हणे हाडांचं.

गुडघे कुरकुरले, की दोष ओसरीच्या पायरीला, नाहीतर गार वाऱ्याला. यवतमाळच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की चालताना अंगाचा भार गुडघ्यांवर कितीतरी पटींनी पडतो. वजन थोडं उतरलं तरी त्यांना मोठा आराम. नानाजी म्हणाले, मग चालतच नाही. गोड बंद करा म्हटलं, तर पेढा सोडला, जिलबी ठेवली. "जिलबीत अर्धी तं भोकंच रायतात," हे त्यांचं गणित.

बायको लवकर गेलेली. घरात ते आणि मुलगी वच्छला. तिचं लग्न ठरलं आणि नानाजींना घाम फुटला. कन्यादानाला पाटावर मांडी घालून बसायला हवं, आणि मांडी घालणं तर कधीच सुटलेलं. भटजी म्हणाले, खुर्ची चालेल. नानाजी भडकले.

"पोरीचं कन्यादान खुर्चीवर बसून करू? मी काय तहसीलदार हाओ?"

मग या गृहस्थाने खरोखर जिलबी सोडली. अर्धी भाकर, अंबाडीची भाजी आणि रोज सकाळी गावाबाहेरच्या जिनिंग कारखान्यापर्यंत पायी. मी नुसती गंमत बघायला सोबत जायचो, तर माझाच पायजमा ढिला झाला.

लग्नात दोघांनी धरून त्यांना पाटावर टेकवलं आणि नानाजींनी चक्क मांडी घातली. मला इतका आनंद झाला, की अक्षता नवरानवरीऐवजी मी त्यांच्यावरच टाकल्या.

विधी आटोपले. वच्छलाला न्यायला दाराशी दमणीला बैल जुंपले, तरी नानाजी पाटावरच. व्याही खोळंबले. गुडघे धरले, असं सगळे म्हणू लागले. मी हात द्यायला वाकलो आणि विचारलं, फार दुखतंय का.

त्यांनी माझा हात घट्ट धरला, पण उठले नाहीत.

"दुखून नाही राह्यलं रे," ते हळूच म्हणाले. "मी उठलो का पोरगी जाईन. बसू दे थोडं."

मी दमणीवाल्याला थांबायची खूण केली आणि स्वतःही त्यांच्याशेजारी खाली बसलो.