"लई भारी हाय!"

दुसऱ्या सीझनचा तिसरा भाग संपला आणि पुनमने मनातल्या मनात लिहिणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. तोंडाने मात्र ती म्हणाली, "भारी होता ना, आत्या?"

"लई भारी!" कुशाबाई म्हणाल्या आणि बराच वेळ पदराने तोंड पुसत राहिल्या. या घरात सासूला आत्या म्हणायची पद्धत होती.

कोरियन मालिका साफ झोपली होती. पहिल्या सीझनमध्ये चौघं जण दिवसा पंक्चर काढायचे आणि अंधार पडला की भुतं धरायचे. काय ती हाणामारी! तिकडे भूत भिंतीवर आपटलं की इकडे महाळुंग्यात मांडणीवरची भांडी थरथरायची. आता हिरोची शक्ती गेली म्हणून तो रडत होता आणि परत आली म्हणूनही रडत होता. एकटीने चार भुतं लोळवणारी बाई, जिला कुशाबाई 'आक्का' म्हणायच्या, ती पहिल्या भागापासून दवाखान्यात नाकात नळी घालून पडली होती. जळून राख झालेला खलनायक परत आला होता, कसा ते विचारायचं नाही. लोकांनी एकदा डोक्यावर घेतलं ना, की या लोकांना वाटतं, आता यांच्यापुढे कोंडा टाकला तरी खातील.

पण पुनम हे बोलणार कशी? तिच्या घरातली शांतता त्याच मालिकेवर उभी होती.

लग्नानंतर पुनमने कंपनीतली नोकरी सोडली नाही, म्हणून सासूने बोलणं सोडलं होतं. सगळे निरोप नवऱ्यामार्फत, म्हणजे त्यांच्या धाकट्या लेकामार्फत. "ऋतिक, तुझ्या बायकोला सांग, दूध वर आलंय." ऋतिक निरोप घेऊन आठ पावलं चालेपर्यंत दूध शेगडीवर. एकदा पुनम मोबाईलवर हिंदी आवाजातली ती मालिका बघत होती आणि भूत असं काही किंचाळलं, की कुशाबाई केरसुणी घेऊन धावत आल्या. पडद्याकडे बघून म्हणाल्या, "ह्यो खवीस न्हाई. खवीस असा मागनं येत न्हाई." सुनेशी थेट बोललेलं ते कित्येक महिन्यांतलं पहिलं वाक्य. त्या दिवसापासून दोघी एका गोधडीत बसून मालिका बघू लागल्या. बघता बघता भाजीत मीठ किती, हेही थेट बोललं जाऊ लागलं.

आता ही मालिका टाकाऊ म्हटली, तर मोबाईल बंद, गोधडी बंद आणि पुन्हा ऋतिकची डाक सुरू. म्हणून पुनम 'भारी' म्हणायची. त्यावर कुशाबाई 'लई भारी' म्हणायच्या. मग पुनमला आणखी वर चढावं लागायचं.

"आत्या, मला तर वाटतं, हा परत पहिल्यापासून बघावा."

कुशाबाईंना ठसका लागला. पाणी पिऊन त्या म्हणाल्या, "बघू की! रविवारी इंदीला बी बोलावते. तिला बी कळू दे."

रविवारी ऋतिकने मालिका टीव्हीवर लावून दिली आणि खुर्ची ओढून स्वतःही बसला. कुशाबाईंनी परातभर भजी तळली. शेजारच्या इंदुताई आल्या. या बाईने उभ्या हयातीत मनात एक गोष्ट ठेवली नव्हती.

"अगं, ह्यो राख झाल्याला मानूस आला कुठनं?"

"तीच तर गंमत आहे, मावशी," पुनम म्हणाली.

"गंमत कसली, थाप हाय ती. आन् ते भूत लिफ्टनं का चाललंय? त्याला जिना चढवत न्हाई व्हय?"

"इंदे, तिकडची भुतं शिकल्याली असत्यात," कुशाबाई म्हणाल्या.

"आन् ही बाई उठणार कवा? एवढ्यात माझी म्हस व्याली असती."

"तुला न्हाई कळायचं त्यातलं."

"मला कळंना? कुशे, तुझ्या नवऱ्याच्या दहाव्याला बी ह्याच्यापेक्षा जास्त मजा आलती!"

कुशाबाई ताडकन उठल्या. "चल, नीघ माझ्या घरातनं!"

"मावशी, काही बोलू नका हं!" पुनमही उठली. इंदुताई दोघींकडे बघतच राहिल्या, आणि सासू-सून एकदमच ओरडल्या.

"माझ्या सुनंला आवडतंय ते!"

"आमच्या आत्यांना आवडतं ते!"

टीव्हीवर तेवढा हिरो रडत होता.

"तुला... आवडत न्हाई?" कुशाबाईंनी विचारलं.

"पहिल्या भागापासून नाही."

"मग म्हनली का न्हाईस?"

पुनमने खाली बघितलं. "तुमचं बोलणं परत बंद झालं असतं."

कुशाबाईंनी सुनेच्या हातातलं भजं काढून घेतलं, थंड झालं होतं म्हणून परातीतलं गरम दिलं. "येडी का काय तू? म्या बी त्याच भ्यानं बघतीय. माझी कंबर धरली बसून बसून."

"आन् मला घालवत हुता व्हय गं, दोघी मिळून?" इंदुताई कडाडल्या.

मग जे सुरू झालं, ते पहिल्या सीझनमध्येही नव्हतं. पुनमने हिरोला झोडपलं, कुशाबाईंनी खलनायकाचं तेरावं घातलं आणि इंदुताईंनी तर लिहिणाऱ्याची, पैसे घालणाऱ्याची आणि दोघांच्या आयांचीही पूजा बांधली. पुनमला हसून हसून उचकी लागली. कुशाबाई तिच्या पाठीवर थापट्या मारत होत्या.

"ए, गप बसा की जरा!" ऋतिक खुर्चीतून वैतागून ओरडला. त्याचे डोळे भरून आले होते. "काही ऐकूच येत नाही. इतका मस्त सीझन आहे, पहिल्यापेक्षा दहापट भारी!"

तिघींनी त्याच्याकडे बघितलं. मग एकमेकींकडे. पुनमने परात उचलली आणि तिघी बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या.

आतून हिरोच्या रडण्याचा आवाज येत होता. थोड्या वेळाने नाक ओढल्याचाही आला, तो हिरोचा नव्हता.

"थोरला माझा कसा शहाणा निघाला," कुशाबाई भजं मोडत सुनेला म्हणाल्या. "दुसऱ्या खेपंला असंच व्हतंय बघ."